मामीची मिठाची बरणी

आमची मामी लोकांचे कपडे शिवते. हात सफाईचा, तोंड तिखट, आणि जेवण मात्र ठार अळणी! टेबलाच्या मधोमध मिठाची बरणी ठेवायची नि म्हणायची, “ज्याचं त्याने घाला. उगाच माझ्या डोक्यावर खापर नको.”

ते खापर फोडलं होतं माझ्या आईने. मामा बीपीने गेला त्या दिवशी भरल्या घरात ती ओरडली, “हिच्या खारट हाताने माझ्या भावाला खाल्लं!” तेव्हापासून मामीने पातेल्यात मीठ टाकलं नाही. एकदा मला हळूच म्हणाली, “खरं असेल का रे?” आई माझी असली म्हणून काय झालं, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला.

मग आईचंच बीपी चढलं. मी नोकरीवर, म्हणून दवाखान्यात सोबतीला मामी. डॉक्टरबाईंनी आईला काही दिवस अळणी, मग खारट जेवण देऊन पाहिलं. सोबत मामीही तेच जेवली, तिचंही बीपी मोजलं. खारट सुरू होताच आईचं बीपी भडकलं, मामीचं ढिम्म हललं नाही.

“किडनीत मीठ परत रक्तात ओढणारी दारं असतात,” डॉक्टरबाई माझ्यासमोर आईला म्हणाल्या. “ती दारं कशी बनवायची हे जीनमध्ये लिहिलेलं असतं, आणि पेशी तो मजकूर कापून जोडते. काहींच्यात जोडणी वेगळी होते नि मीठ अंगातच राहतं. तुमच्या घराण्यात तसं असावं असा संशय आहे. तपासतोय.”

“म्हणजे कापड तेच, बेतलं वेगळं,” मामी म्हणाली. “ह्यांच्या भावाचंही?”

“सख्खा भाऊ ना? शक्य आहे.”

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. माफी? छे, नाव नको!

घरी आल्यावर मामीने जाहीर केलं, “वन्संचं दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे.” मला गहिवरून आलं. म्हटलं, “मामी, मन मोठं आहे तुझं.”

“मोठं मन गेलं खड्ड्यात!” ती कडाडली. “मी त्यांना मरू देणार नाही. चांगलं शंभर वर्षं जगवीन.”

आता बरणी कपाटात गेलीय. मामी सगळ्यांच्या भाजीत चवीपुरतं मीठ घालते, आईपुढे तेवढं वेगळं, अळणी ताट. आईचं बीपी उतरलंय, डॉक्टरबाई खूश आहेत. आणि आईने पहिला घास घेतला, की घरात पाहुणे असोत-नसोत, मामी मोठ्याने विचारते,

“वन्सं, मीठ जास्त नाही ना झालं?”