बारा पावांचा हात

फेब्रुवारीत आर्गिरोचा डावा हात गेला. तुटला बिटला नाही, खांद्याला होता तिथेच होता. पण एका सकाळी ती मोजे घालायला बसली आणि डावी बाजू तिचं ऐकेनाशीच झाली. अर्धांगवायू. पाय महिनाभराने परतला, काठीच्या आधाराने का होईना. तोंड तर गेलंच नव्हतं. इस्पितळात तिसऱ्याच दिवशी तिने तिथल्या सूपचा असा उद्धार केला की शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसली. हात मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल असं धरून चालू नका.

दुसऱ्या कुणाचा डावा हात गेला असता तर त्याने उजव्यावर भागवलं असतं. पण अमेरिकेतल्या वूनसॉकेट गावच्या गिरणी रस्त्यावर, 'न्यू यॉर्क' नावाच्या त्या चौदा स्टुलांच्या दुकानात, आर्गिरोचा डावा हात म्हणजेच दुकान होतं. नाव न्यू यॉर्क, आणि घरातल्या एकानेही न्यू यॉर्कात कधी रात्र काढलेली नाही. तिच्या बापाला नाव भारदस्त वाटलं, त्याने ठेवलं, झालं. तिथे मिळतात ते वीनर, लांबट पावात घातलेलं सॉसेज. त्याला हॉट डॉग म्हणायचं नाही. एकदा कुणाचा तरी शिकागोकडचा जावई आला, त्याने हॉट डॉग मागितला, आणि वर टोमॅटोच्या फोडी अन् काकडीचं लोणचं आहे का म्हणून विचारलं. सगळं दुकान खायचं थांबून त्याच्याकडे बघत राहिलं. बिचाऱ्याने मुकाट्याने तीन 'सगळं घालून' खाल्ले, आणि मग अजून तीन मागितले.

सगळं घालून म्हणजे पिवळी मोहरीची चटणी, खिम्याचा रस्सा, बारीक कांदा आणि वरून सेलरीचं मीठ. याच क्रमाने. आणि हे घालायचं ते ताटलीत नाही, हातावर. बाही खांद्यापर्यंत वर करायची, हात साबणाने खसाखसा धुवायचा, तळवा आभाळाकडे करून समोर धरायचा आणि वाफेच्या पेटीतले पाव बोटांपासून वर एकाला एक चिकटवून मांडत जायचे. प्रत्येक पावात एक वीनर. मग उजव्या हाताने खालून वर एका दमात मोहरी, वरून खाली रस्सा, पुन्हा कांदा, पुन्हा मीठ. किती पाव मावतात यावर माणसाची पत ठरते. आर्गिरोच्या हातावर बारा मावायचे.

ते बारा तिला कुणी आंदण दिले नव्हते. एक्कावन्न साली तिचा भाऊ कोस्मास फौजेत गेला, कोरियाला. बापाचे गुडघे गेलेले. एकवीस वर्षांची आर्गिरो ओट्यामागे उभी राहिली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. दोन वर्षांनी भाऊ परत आला आणि म्हणाला, "चल, हो बाजूला. बाईच्या हातावरचं कोण खाणार?" बापाने री ओढली, "पोरींच्या हाताला लांबी नसते."

"मोजा," आर्गिरो म्हणाली.

शनिवारी दुपारी भरल्या दुकानात मोजलं. कोस्मासचे अकरा झाले. तिचे बारा.

"बोटांवरचा धरायचा नाही!" कोस्मास ओरडला.

"का? बोटं काय शेजारणीची आहेत?"

लोकांनी टेबलं बडवली. तेव्हापासून अडतीस वर्षं तिला तिथून कुणी हलवलं नव्हतं. एकच गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. आठव्या पावानंतर तिचा हात आतून थरथरायला लागायचा, आणि पुढचे चार ती दात आवळून मांडायची. गिऱ्हाईकांना वाटायचं, बाई खडूस आहे.

एप्रिलमध्ये ती काठी टेकत दुकानात आली. कोस्मास जाऊन सहा वर्षं झाली होती. आता दुकान त्याचा मुलगा स्टॅथिस बघायचा. पोरगा वाईट नाही. आत्याला इस्पितळात रोज डबा घेऊन जायचा. पण दारातून आत पाऊल टाकलं आणि आर्गिरोला समोरच्या भिंतीवर स्वतःचा फोटो दिसला. मोठा, चौकटीत, हातावर बारा पाव घेतलेला.

"हे काय आहे?"

"तुझा मान आहे, आत्या. लोक बघतात."

"समोर दिवा लावायचा तेवढा राहिलाय. मी मेले, आणि मला कुणी कळवलंही नाही?"

"असं काय बोलतेस! बघ, गल्ल्याजवळ तुझ्यासाठी गादीची खुर्ची आणलीये. बस, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोल. आयुष्यभर उभीच होतीस की."

आणि ओट्यावर, वाफेच्या पेटीसमोर, जिथे तिचा हात असायचा, तिथे एक पत्र्याचा साचा होता. बारा खाचा पाडलेला, चकचकीत. स्टॅथिस पाव खाचांत ठेवत होता आणि चमच्याने मोजून रस्सा घालत होता.

"आरोग्य खात्याची पत्रं येतात, आत्या. हातावर नको म्हणतात."

"ती तुझ्या आजोबांनाही यायची. त्यावर कांदा चिरायचो आम्ही."

ती खुर्चीत बसली, कारण पाय दुखत होते. तासभर बसली. लोक यायचे, तिचा उजवा हात हातात घ्यायचे, फोटोकडे बघून मान हलवायचे आणि साच्यातले वीनर खायचे. एक बाई तर नातवाला म्हणाली, "ह्या बघ, ह्या त्या *होत्या*." आर्गिरोच्या अंगाचा तिळपापड झाला. फक्त म्हातारा ओव्हिला, गिरणीतला जुना विणकर, दुसरा वीनर अर्धा ठेवून उठला.

"का रे मेल्या, पोट भरलं?"

"चव नाही, आर्गी."

"रस्सा तोच आहे."

"मला काय माहीत. चव नाही," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

त्या संध्याकाळी ती घरी जाऊन रडली. उगाच लपवायचं कशाला? स्वयंपाकघरात बसून, डावा हात मांडीवर घेऊन, त्याला नाही नाही ते बोलून रडली. अडतीस वर्षं तुला सांभाळलं, चटके बसले तर लोणी लावलं, आणि ऐन वेळी तू असा आडवा झालास. हाताला ऐकू जात नाही, पण ती बोलली.

मंगळवारी व्यायाम करून घेणारी मुलगी आली, डेल्फीन. तिने नेहमीप्रमाणे आर्गिरोचा हात उचलून टेबलावरच्या घडी केलेल्या टॉवेलवर पसरला, तळवा वर. मग एकेक वस्तू त्यावर ठेवू लागली. ब्रश. ओला रुमाल. वाळूची पुरचुंडी.

"लागतंय का, मावशी?"

"नाही."

"जड वाटतंय?"

"नाही."

"आता हलवायचा प्रयत्न करा. करा, करा, मनापासून."

आर्गिरोने मनापासून प्रयत्न केला. मनगटावर ब्रश, मध्यावर रुमाल, कोपराजवळ पुरचुंडी. काही हललं नाही. ब्रशाचा एक केससुद्धा थरथरला नाही. ती बघत राहिली. जन्मभर ज्या हाताला स्थिर राहा, स्थिर राहा म्हणून दटावलं, तो आता दगडासारखा पडला होता.

"डेल्फीन, अजून ठेव."

"काय ठेवू?"

"काहीही ठेव! ती मिठाची बरणी आण. चमचे आण. वरपर्यंत भर."

खांद्यापर्यंत भरलं. हात हलला नाही. आर्गिरो हसायला लागली, इतकी हसली की डेल्फीन घाबरून डॉक्टरला फोन लावायला निघाली.

"अगं बस खाली," आर्गिरो डोळे पुसत म्हणाली. "दुनियेत एकच काम आहे, ज्यात हात हलला की वाटोळं होतं. आणि ते माझं आहे."

पुढचे तीन आठवडे तिने घरी सराव केला. उजव्या हाताने डावा उचलायचा, टॉवेलवर पसरायचा, बोटं एकेक करून सरळ करायची, पाव मांडायचे. पहिल्या आठवड्यात पाव घरंगळले, रस्सा झग्यावर सांडला, मांजराची चंगळ झाली. तिसऱ्या आठवड्यात बाराच्या बारा बसले, आणि दात आवळावे लागले नाहीत.

मेमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, ती दुकानात आली ती गल्ल्याकडे वळलीच नाही. सरळ ओट्यामागे गेली.

"आत्या, इकडे कुठे?"

"कामावर. ते पत्र्याचं उचल."

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांच्यासाठीच आलेय."

स्टॅथिस हलेना. दुकान गच्च भरलेलं, ओव्हिला दारातच टोपी काढून उभा. आर्गिरोने काठी भिंतीला लावली, साचा उजव्या हाताने उचलला आणि मोरीत टाकला. असा आवाज झाला की सगळे हातातल्या घासासकट थांबले. मग तिने बाही वर केली, डावा हात नळाखाली धरून खसाखसा धुतला, पेटीसमोर टॉवेलची घडी ठेवली आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा हात त्यावर ठेवला.

"टेकवलाय तू," स्टॅथिस हळूच म्हणाला. "आजोबांनी टेकवू दिला नसता."

"आजोबांनी मलाच उभं राहू दिलं नसतं. पुढे बोल."

"भाजेल गं, आत्या! वीनर उकळत्या पाण्यातले, रस्सा चुलीवरचा. तुला कळणारसुद्धा नाही भाजलेलं."

"अडतीस वर्षं कळत होतं, तेव्हा कोण फुंकर घालत होतं?"

"मी तुझ्या काळजीने म्हणतोय!"

"काळजीने फोटो लावलास? काळजीने खुर्ची आणलीस?" आता तिचा आवाज चढला. "खरं सांग. तुझा हात कापतो, म्हणून माझा काढलास तू."

 सगळ्यांना ते ठाऊक होतं. विसाव्या वर्षी, अशाच एका शनिवारी, स्टॅथिसने पहिल्यांदा बाही वर केली होती, सहाव्या पावाला त्याचा हात थरथरला आणि सहाच्या सहा वीनर जमिनीवर गेले होते. लोक हसले. आर्गिरो सगळ्यांत मोठ्याने हसली होती. त्यानंतर त्याने भर उन्हाळ्यातसुद्धा लांब बाहीचा सदरा सोडला नव्हता.

स्टॅथिसचं तोंड लाल झालं. तो मोरीकडे वळला आणि साचा धुवायला लागला. आर्गिरोच्या जिव्हारी काहीतरी लागलं, पण थांबेल ती आर्गिरो कसली.

"बोल ओव्हिला, किती?"

"अठरा," ओव्हिला म्हणाला. "बोलिंग खेळणारे गडी बाहेर गाडीत बसलेत. सगळं घालून."

तिने पेटी उघडली. पहिला पाव बोटांवर, दुसरा तळव्यावर, मग मनगट, मग वर. दुकान मोठ्याने मोजायला लागलं. आठव्याला तिला सवयीने दात आवळावेसे वाटले, आणि हात तर ढिम्म होता. दहा. अकरा. खांद्याशी बारावा. वीनर भराभर बसले. मोहरी खालून वर, रस्सा वरून खाली. रस्स्याचा एक ओघळ दोन पावांमधून कोपराच्या खळीत गेला. तिला पत्ता नव्हता. तेवढ्यात मागून ओलं फडकं आलं आणि ओघळ टिपला गेला. स्टॅथिस होता.

"लाल झालंय," तो म्हणाला. "थंड पाणी लावतो."

"लाव."

कांदा, मीठ. बारा वीनर ओव्हिलाच्या खोक्यात गेले. लोकांनी टेबलं बडवली, त्रेपन्न साली बडवली होती तशीच. पण आर्गिरोचा उजवा हात आता भरून आला होता, आणि अजून सहा राहिले होते. तिने पुतण्याकडे पाहिलं.

"बाही वर कर."

"आत्या, नको."

"सहाच आहेत."

"म्हणूनच नको."

"माझाही कापायचा," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आठव्यापासून. अडतीस वर्षं, रोज. आणि तरी मी तुला हसले. ते चुकलं माझं. आता बाही वर कर, गाडीतली माणसं खोळंबलीत."

 स्टॅथिसने गुंडी काढली. त्याचा दंड पांढराफटक होता, कित्येक वर्षं ऊन न बघितलेला. त्याने हात धुतला, पुढे धरला, आणि पाव ठेवायच्या आधीच तो लटपटायला लागला.

"टेकव," आर्गिरो म्हणाली.

पण पेटीसमोर जागा एका हाताची, आणि तिथे तिचा हात पसरलेला होता.

"कुठे टेकवू?"

"आहे की समोर. माझ्या हातावर."

त्याने हात खाली आणला आणि मध्येच थांबवला. "सगळं वजन येईल, आत्या. दुखेल."

"कुणाला?" आर्गिरो म्हणाली, आणि त्याचं मनगट धरून आपल्या हातावर दाबून बसवलं. मग पेटी उघडून पहिला पाव काढला.