राखेतली पावलं आणि बिघडलेलं भरीत

मांजरीपायी मी जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, घरचं भरीत बिघडवलं, असं आमच्या गल्लीत अजून बोलतात. बिघडवलं, बरं का. परत वेळ आली तर परत बिघडवीन.

धरणगावकडच्या आमच्या गावात जेठांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी, मागचं परसदार एकच. त्यात कपाशीच्या पऱ्हाटीची गंजी असते. वेचणी संपली की वाळलेली झाडं उपटून आणायची, रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची. भरताची वांगीही तिच्याच धगीवर भाजायची. गॅसवर भाजणाऱ्याला आमच्याकडे कोणी माणसात धरत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी पिठात कुणाची पावलं उमटली ते बघतात. मुंगी, चिमणी, जे दिसेल तो गेलेल्याचा पुढचा जन्म. सासूबाईंच्या पिठात काहीच उमटलं नाही. त्या गेल्या तेव्हा जेठ जळगावला बाजारात होते. माय माझ्यावर रुसून गेली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. चोपड्याचे नवे व्याही भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खायला येणार होते. दोन दिवस आधी मी गंजीच्या बुडातून काड्या ओढल्या, तर आत मांजराची तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले. आई कुठे दिसेना. मला वाटलं, कुणाच्या तरी मांजरीनं टाकून दिली. घरात आणली, कोमट पाण्यानं पुसली, आपल्या लेकरांना लावतो तसं खोबरेल चोळलं आणि बोळ्यानं म्हशीचं दूध पाजलं. मला फार पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी त्यातल्या एकानं मान टाकली. धरणगावच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवला. ते म्हणाले, "ही रानमांजराची पिल्लं आहेत. आई शिकारीला गेली असेल. ताई, तुम्ही ती वाचवली नाहीत, चोरून आणलीत. होती तिथे ठेवा, आणि गंजीला हात लावू नका."

ते वाक्य माझ्या कानशिलात बसलं. एक पिल्लू तोवर गेलंच होतं, माझ्याच हातानं. उरलेली दोन परत गंजीत ठेवली, आणि आई येते की नाही ते कळावं म्हणून चुलीतली राख चाळून सगळीकडे पसरली. सकाळी राखेत गोल गोल पावलं होती. आत पिल्लांची पोटं टम्म. खोबरेलाचा वास सोसून तिनं त्यांना पाजलं होतं. मी तिथेच बसून रडले.

आता गंजी हलली असती तर ती परत आली नसती. मी नवऱ्याला सांगितलं, भरतासाठी गंजी द्यायची नाही. आमच्यात जेठ आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. अठरा वर्षांत आमचा प्रत्येक शब्द नवऱ्यामार्फत गेला होता. निरोप गेला, उलटा निरोप आला: "तिले सांग, पाव्हणा उद्या येती. गंजी उचलनी शे." थोड्या वेळानं जेठच तीन गडी घेऊन आले.

मी गंजीला पाठ लावून उभी राहिले, पदर डोक्यावर घेऊन. जेठांचं लक्ष खाली गेलं. राख. तिच्यात पावलं. ते मटकन खालीच बसले. "माय उनी," म्हणाले, माय आली. गड्यांनी टोप्या काढल्या. जाऊबाई हळदकुंकू आणायला धावल्या. नवऱ्यानं मला कोपर मारलं, म्हणजे मूग गिळून गप्प बस. गंजी आपोआप वाचली होती.

मलाही कळत होतं हो. पण हळदकुंकवामागून नैवेद्य आला असता, नैवेद्यामागून अख्खी गल्ली, आणि एवढ्या माणसांत रानातलं जनावर पिल्लांकडे फिरकलं नसतं. शिवाय सासूबाई! मांजर दिसलं की फुंकणी फेकून मारायच्या. त्यांना मांजर करायचं? आणि खरं सांगू, एक चूक मी अजाणता केली होती, दुसरी जाणूनबुजून करायची नव्हती.

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे बघून बोलले. "नाना, राख मीच टाकेल शे. हाई रानमांजर शे, माय नही. तरी बी गंजी भेटाव नही."

जाऊबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन दारातच थांबल्या. जेठ उठले, धोतर झटकलं, गड्यांना हातानंच चला म्हणाले आणि गेले.

भरीत गॅसवर झालं. चोपड्याचे व्याही "बरं शे" म्हणाले आणि पुऱ्याच जास्त खाल्ल्या. जाऊबाई मला त्या दिवसाबद्दल जे ऐकवायचं ते अजून ऐकवतात. मीही ऐकून घेत नाही.

आठवड्यानं रानमांजरीनं दोन्ही पिल्लं उचलून नेली. मी नवऱ्याबरोबर निरोप धाडला, गंजी आता मोकळी आहे, घेऊन जा. न्यायला कोणी आलं नाही.

गंजी अजून तिथेच आहे. दर सोमवारी सकाळी तिच्याभोवती ताजी राख पसरलेली असते, जाऊबाईंच्या पिठाच्या चाळणीनं चाळलेली, आणि जेठ चहा प्यायच्या आधी तिथे जाऊन वाकून बघतात. मी चुलीपाशी असते. मला सगळं दिसतं. खरं काय ते मी एकदा तोंडावर सांगितलंय, पुन्हा सांगायला जाणार नाही. आणि त्यांचं बघून होईपर्यंत आमच्या घरातल्या कुणाला मी परसदारी पाऊल टाकू देत नाही.