बाई, बत्ती दाखवा!

नर्सनं पेशंटच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत म्हणतात. पण कॅसलरॉक स्टेशनजवळचा आमचा दवाखाना उठून गेला, किस्से मात्र उठायला तयार नाहीत. एक आठवला की मागोमाग दुसरा हजर!

डोक्याला मार लागलेला माणूस आला, की थोड्या थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकायचा आणि बाहुल्या बारीक होतात का बघायचं, हे माझं काम. नाही झाल्या, तर धावत डॉक्टरांकडे. अख्ख्या गावात बॅटरी ती एकच, त्यामुळे तिचा रुबाब माझ्याहून मोठा!

*

रामनगरचे एक अण्णा गुडघा दुखतो म्हणून आले. शेजारच्या खाटेवरचं बघून रुसले. "त्येला दोनदा बत्ती आणि मला एकदाबी न्हाई? मी काय परका हाय व्हय?"

शेवटी मी गुडघ्यावर बत्ती मारली. "आता कसं हलकं वाटतंय!" म्हणत चालत घरी गेले.

*

एकदा सेल संपले. हुबळीहून गाडीनं यायचे, ते काही येईनात. मी कंदील धरला, तो जरा जास्तच जवळ. भुवई चरचरली आणि सकाळपासून निपचित पडलेला गडी ताडकन उठून बसला!

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा उपाय आम्हाला शिकवला नव्हता."

*

एकीनं नवऱ्याला दंडाला धरून आणलं. "बत्ती मारून सांगा, ह्यानं गोव्याची घेतलीया का न्हाई!"

"अगं, बत्ती कशाला? दारातच वास आला."

नवरा म्हणतो, "तरी दाखवा की बाई. एवढं लांबनं आलोय!"

*

काय माणसं होती! फार आठवण येते. भागीची तर सगळ्यात जास्त.

तिचा नवरा गोपाळ, बाजारकुणंगचा. मध काढताना झाडावरून पडला, तो शुद्धीवरच येईना. बाहुल्या बारीक होत होत्या, पण सावकाश. डॉक्टर हात जोडून सांगत होते, "हलवू नका. गाडीच्या धक्क्यांनीच जाईल तो." पण थोरल्या दिरानं बाहेर बैलगाडी जुंपलेली.

"जायाचाच हाय, तर आपल्या घरात जाऊ दे," तो भागीला म्हणाला. "जाणाऱ्याच्या बाहुलीत आपलं तोंड दिसत न्हाई म्हंत्यात. बघ तूच."

भागी मात्र शांतपणे म्हणाली, "बाई, बत्ती धरा हितं."

मी धरली. तिनं वाकून त्याची पापणी उचलली आणि बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून ती उठली.

"बैल सोडा, भावजी. मी हाय की आत!"