भोंग्यावरची धाकटी सून

तीर्थपुरीच्या बाजारात कापडदुकानाच्या माडीवर एक खोली होती. तिथून तारा काढून बाजारभर भोंगे टांगलेले. सगळे त्याला रेडिओच म्हणायचे. सकाळी अभंग, मंग हरवलेल्या जनावरांची खबर, आन् अंबडच्या बसचा कंडक्टर तिथल्या शेतमालाच्या मोंढ्यातले भाव आणायचा, ते. भोंग्यावर भाव सांगायला दुकानाच्या मालकाला बाई पायजे होती. मी सातवी शिकलेली. नवऱ्याला विचारलं आन् गेले.

पहिल्याच बाजारी घरात भडका उडाला. नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भाया, तूर विकायला आल्ते, आन् डोक्यावर धाकट्या भावजयीचा आवाज! आमच्यात भायासमोर तोंड उघडायचं न्हाई, पदर ओढून बाजूला व्हायचं. तेही आपल्याशी बोलत न्हाईत. संध्याकाळी ते ओट्यावर, मी चुलीपाशी, मधी सासूबाई.

"सांग तिला, बंद कर म्हणावं. लोक हसून राह्यले."

मी सासूबाईला म्हणलं, "त्यांना सांगा, मी त्यांच्याशी कुठं बोलले? मी बाजाराशी बोलले."

सासूबाईनं निरोप अर्धाच पोचवला असणार. पुढच्या बाजारी मी पुन्हा माडीवर.

मंग फर्माईशीची गाणी आली. मंग मालकाच्या पोरानं कारभार घेतला आन् दिवसभर साड्यांच्या सेलच्या जाहिराती सुरू झाल्या. भाव आपले कुठंतरी मधी. शेवटी त्यानं कॅसेट आणली.

"काकू, एकदा बोलून ठेवा. दर बाजारी तेच वाजवू."

"मेल्या, तूर दर बाजारी एकाच भावानं जाती का रे?"

तो खी खी हसला आन् मला दोन गाण्यांच्या मधी बोलायला ठेवलं. त्यानं गाणं लवकर सुरू केलं, तर मी गाण्याच्या वर आवाज चढवून बोलायचे. राग यायचा, पण जागा सोडली न्हाई.

घरोघर टीव्ही आले, हातात मोबाईल आले. पोरानं मशीन विकून टाकलं, खोलीत रिचार्जचं दुकान घातलं. शेजारणी म्हणल्या, बरं झालं, आता घरी बसा. का म्हणून बसू? मशीनसंगं माझं तोंड विकलं का त्यानं?

पुढच्या बाजारी कंडक्टरला भाव विचारले आन् खालीच हिंडले. एक बाई तुरीचं पोतं घेऊन बसली होती, व्यापारी तिला पडेल भाव सांगत होता. मी खरा भाव सांगितला, तिथंच, सगळ्यांसमोर.

"मावशी, तुमचा रेडिओ बंद झाला ना आता?" व्यापारी म्हणला.

लोक वळून बघाया लागले. त्यांच्यात भाया. म्हातारे झालेले, हातात काठी. इतकी वर्षं एका घरात राहून आमचा एकमेकांशी एक शब्द न्हाई. माझा हात पदराकडं गेला, खोटं कशाला बोलू. पण पदर ओढला न्हाई. कापसाचाही भाव सांगून टाकला.

भाया सरळ माझ्याकडं बघून म्हणले, "मोठ्यानं सांग. तिकडच्या रांगेत ऐकू गेलं न्हाई."

मी पदर खोचला आन् सांगितलं.