चुलतीचा दहावा

पत्रात दोनच वाक्यं होती. पहिलं, आपल्या दुःखात कंपनी सहभागी आहे. दुसरं, आपला रजेचा अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. दोन्हींच्या मध्ये एक ओळसुद्धा मोकळी सोडलेली नव्हती.

पत्र इंग्रजीत होतं आणि मोबाइलवर आलेलं होतं. ज्याला आलं तो आमच्या पॅकिंग खात्याचा सुपरवायझर. करकंब गावचा, तिशी नुकती ओलांडलेला. मुंडण केलेल्या डोक्याला रुमाल बांधून तो माझ्या टेबलासमोर उभा होता. त्याने फोन पुढे केला.

"साहेब, ह्यात काय म्हणलंय? पयली वळ कळली. म्हंजे मिळाली न्हवं रजा?"

मला सांगावं लागलं की नाही मिळाली. असलं पत्र लिहिणाऱ्याला ते मराठीत सांगावं लागत नाही. ते काम माझ्यासारख्याच्या गळ्यात पडतं.

मी सोलापूरजवळच्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि कामगारांची हजेरी-रजाही बघतो. जुने मालक होते तेव्हा सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. तेही रजेवरून वाद घालायचे, पगार कापायचे. पण भांडायला समोर माणूस असायचा. मग पुण्याच्या एका समूहाने कारखाना घेतला आणि रजा मोबाइलमधल्या ॲपवर गेली. त्या वेळी आम्हाला सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात नेऊन दिवसभर प्रशिक्षण दिलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'माणूस प्रथम' असं लिहिलेलं होतं. शोक रजेचं पान आलं. तीन दिवस, सलग, मृत्यूच्या दिवसापासून. नातं आई, वडील, पती किंवा पत्नी, मूल. बाकी सगळे 'इतर', आणि इतरांना रजा लागू नाही. मी हात वर करून विचारलं, "आणि दहाव्याचं काय?" शिकवणारा तरुण चांगला होता, त्याने मनापासून विचार केला आणि म्हणाला, "सर, ते तीन दिवसांत बसवता येणार नाही का?"

हसण्यावारी गेलं ते. माझ्या मात्र डोक्यात राहिलं, कारण हे कधीतरी कुणाच्या तरी अंगावर येणार हे दिसत होतं.

आलं ते याच्या अंगावर. त्याची चुलती गेली होती. आई तो रांगत असतानाच गेलेली, वडील ट्रकवर, बारा महिने बाहेर, पुढे तेही गेले. याला वाढवलं ते चुलतीने, स्वतःच्या दोन मुलींबरोबर. तिला मुलगा नव्हता, म्हणून अग्नीही यानेच दिला. खरं तर अग्नी देणाऱ्याने दहाव्यापर्यंत घर सोडू नये असं आपल्याकडे मानतात. पण परदेशी पाठवायच्या मालाचा डिस्पॅच तोंडावर होता, म्हणून हा जोडून आलेल्या दोन सुट्ट्या संपताच कामावर हजर झाला. त्याला पुढे फक्त दोन दिवस हवे होते, दहाव्याचा आणि तेराव्याचा. ॲपमध्ये नात्याच्या यादीत चुलती नव्हती, म्हणून त्याने 'इतर' निवडलं. चहा संपायच्या आत नकार आला.

दुसरी कुठली रजा त्याच्या खात्यावर शिल्लक नव्हती. होती तेवढी उन्हाळ्यात चुलतीच्या दवाखान्यात संपली होती. त्या वेळी रजा संपूनही तो तिच्या उशाशी थांबला म्हणून त्याला एक ताकीदपत्र मिळालेलं होतं. त्याची नोकरी वर्षाच्या करारावरची. वर्षात दुसरं ताकीदपत्र आलं तर करार पुढे चालू होत नाही, असा नियम. आणि दहावा नेमका डिस्पॅचच्या आठवड्यात. म्हणजे दहाव्याला जायचं तर नोकरी पणाला लावून जायचं. मागे बायको, एक मुलगी आणि थकलेला चुलता.

मी पुण्याला फोन लावला. तिथे मनुष्यबळ विभागात एक मुलगी आहे, माझ्या मुलीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला सर म्हणते.

"सर, मला समजतंय," ती म्हणाली, "पण सिस्टीममध्ये आंटीला कोड नाहीये."

"आंटी नाही मॅडम, चुलती. तिने वाढवलंय त्याला."

"मग लीगल गार्डियन दाखवता येईल. कोर्टाचा काही कागद आहे का?"

"अहो, आई गेली तेव्हा तो रांगत होता. जावेचं पोर उचलून कडेवर घेताना कुठली बाई कोर्टात जाते?"

ती म्हणाली, "आपल्याकडे समुपदेशनाची हेल्पलाइन आहे, सर. मोफत आहे, पूर्ण गोपनीय. इंग्रजी आणि हिंदीत. त्यांचा नंबर देऊ का?"

मी म्हणालो, "मॅडम, त्याला दुःख कसं करायचं ते विचारायचं नाहीये. त्याला दोन दिवस गावाला जायचंय."

मग मी तिला एक गोष्ट सांगितली, कारण ती माझ्या हातून झालेली होती. दोन वर्षांपूर्वी टॉवेलच्या गाठी दाबून बांधायच्या प्रेसमध्ये याची बोटं सापडली. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, जवळच्या नातेवाइकाची सही हवी. बायको बाळंतपणाला माहेरी होती. कंपनीने मला सांगितलं, याच्या घरचं कोण आहे त्याला बोलवा. मी चुलतीला फोन केला. ती एसटीने आली, पदरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून. वाचता येत नव्हतं तरी कागदावर अंगठा उठवला. नंतर नुकसानभरपाईचा वाद नको म्हणून कंपनीने आणखी एका कागदावर तिचा अंगठा घेतला, त्यावर 'कुटुंबीय' असं छापलेलं होतं. म्हणजे कंपनीला गरज होती तेव्हा ती कुटुंबीय होती. ती मेली आणि 'इतर' झाली.

"सर, ते वेगळं डिपार्टमेंट होतं," मॅडम म्हणाली. खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला जास्त राग आला.

दुपारी कँटीनमध्ये आमचे फोरमन त्याच्या शेजारी येऊन बसले. विणकर घरातले, घरी तेलुगू बोलणारे, निवृत्तीला आलेले. मी समोरच होतो.

"काय रे, एवढं काय डोकं धरून बसलास?" ते म्हणाले. "आई लिही की. पुण्यात कोण बघायला बसलंय? जुन्या मालकांच्या वेळी आपल्या लूमवरच्या एकाची आजी चार वेळा गेली. चौथ्या वेळेला मीच हार घेऊन गेलो तर म्हातारी दारात शेवया वाळवत बसलेली."

बाकावरचे सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, "न्हाय मामा. ते जमायचं न्हाय."

"का? तिनंच वाढवलं न्हवं? मग आईच ती."

"तुमी म्हणता, गाव म्हणतंय. पर तिनं म्हणू दिलं न्हाय." त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "ल्हान होतो, शाळंतनं आलो आन् म्हणलं, आई, भूक लागलीया. तिनं माज्या तोंडावर हात ठिवला. म्हणली, तुजी आई वर हाय, ती ऐकतीया. मी चुलती. शाळंत गुरुजी तिचं नाव लिवीत हुते तर ऱ्हाऊ द्या म्हणली, माज्या जावंचं लिवा. सणाला आदी आईचा निवद, मग आमी जेवायचं. जल्मभर चुलती म्हणूनच ऱ्हायली ती. आता ती बोलायला न्हाय म्हणून मी तिला आई करू? ती बी रजेपायी?"

फोरमननी आपल्या डब्यातली भाजी त्याच्या झाकणात वाढली.

मी घरी गेलो तरी माझ्या मनातून ते जाईना. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "दुसरी असती तर आनंदानं आई म्हणवून घेतलं असतं." खरंच होतं. एका बाईने गेलेल्या जावेची जागा जन्मभर राखून ठेवली, त्या जागेवर स्वतः कधी बसली नाही. आणि आमच्या यादीत त्याला नाव 'इतर'.

इतक्या वर्षांत कामगारांच्या घरच्या अशा खबरी मीच घेत आलो आहे. त्यातून मला जे कळलं ते शिकायला हॉटेलात जावं लागत नाही. खबर आली की विचारायचं, कोण गेलं. आणि लगेच पुढचं विचारायचं, तुझं ते कोण होतं. दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी असतात आणि रजा दुसऱ्या उत्तरावर ठरवायची असते. मग विचारायचं, तुला कुठले दिवस लागतील. किती नव्हे, कुठले. आमच्याकडे लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, पद्मशाली आहेत, मराठा आहेत, प्रत्येकाचे दिवस वेगळे. सलग तीन दिवस घरात बसवून ज्या दिवशी खरी गरज आहे त्या दिवशी कामावर बोलावणं, ही सवलत नव्हे. त्याचं टेबल कोण सांभाळणार हे त्याला विचारायचं नाही, ते आपण ठरवायचं. त्याची परवानगी घेऊन खात्यात एकदाच सांगून टाकायचं, म्हणजे भेटेल त्याला त्याला सांगत बसावं लागत नाही. परत आल्यावर पहिला शब्द राहिलेल्या कामाचा नसावा. यातल्या कशालाही खर्च नाही. मी हिशेबाचा माणूस आहे, मला खर्च दिसतो. वर्षभरात अशा रजा मागणारे आमच्याकडे मोजकेच असतात. नियम ज्याने केला त्याला वाटलं, यादी उघडी ठेवली तर सगळे खोट्या आज्या मारतील. झालं उलटंच. खोटं बोलणाऱ्याला त्या यादीतून वाट होती, अडला तो खरं बोलणारा.

तो दहाव्याला गेला. आदल्या दिवशी मला सांगून गेला. "साहेब, जातोय. तुमच्यावर काय येऊ नगं म्हणून सांगतोय." त्या दिवशी फोरमन पॅकिंगच्या टेबलावर उभे राहिले आणि माल वेळेवर गेला. तेराव्यालाही गेला, तेव्हाही काही अडलं नाही.

पण ताकीदपत्र आलंच. कुणी लिहिलं नव्हतं, ॲपने आपोआप तयार केलं होतं. पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर. खाली माझ्या सहीला जागा.

मी कंपनीची नियमपुस्तिका पूर्ण वाचलेली आहे. कारखान्यात बहुधा मी एकट्यानेच. तिच्यात एक कलम आहे, ताकीदपत्र देताना ते कामगाराला समजेल अशा भाषेत तोंडी समजावून सांगावं. मी पुण्याला लिहिलं, सही करायला माझी हरकत नाही, पण हे पत्र त्याला मराठीत समजावून सांगणं मला जमणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला, शब्द मिळत नाहीत. तरी ज्यांचा हा निर्णय आहे त्यांच्यापैकी कुणीतरी फोनवर सांगावं. मी त्याला समोर बसवतो.

चार जणांना लिहिलं होतं. तिघांचं उत्तर आलं नाही. मॅडमने फोन केला.

मी त्याला बोलावलं, फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. तो टोपी काढून बसला. डोक्यावर बारीक केस उगवायला लागले होते.

"नमस्कार," ती म्हणाली. मराठी तिचं स्वच्छ होतं, साताऱ्याकडची असावी. "आपण डिस्पॅचच्या आठवड्यात दोन दिवस पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर होता. बरोबर आहे?"

"व्हय मॅडम."

"कारण काय होतं?"

तिला कारण माहीत होतं. कागदावर पुढचा प्रश्न तोच असणार, म्हणून तिने विचारलं.

"चुलतीचा दहावा व्हता मॅडम. आन् तेरावा. म्या अर्ज टाकला व्हता, तुमी न्हाय म्हणला."

मी मध्ये पडलो नाही. मला तिला सोपं करून द्यायचं नव्हतं.

"दहाव्याला तुम्हीच बसला होतात का?" तिने विचारलं. हा प्रश्न कागदावरचा नव्हता.

"मीच की. दुसरं कोण हाय?"

"बरं," ती म्हणाली. आणि मग मला, "सर, सही करू नका. मी बघते."

तिने बघितलं, हे मला मान्य केलं पाहिजे. ताकीदपत्र रद्द झालं. करार पुढच्या वर्षासाठी चालू झाला. दोन दिवसांचा पगार कापला, तो त्याने धरलेलाच होता. नियम मात्र जसाच्या तसा आहे, आजही. मी विचारलं तर पुण्याहून म्हणाले, अपवाद म्हणून केलं, तुम्ही याचा बोभाटा करू नका. म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा मुंडण केलेल्या डोक्याने फोनसमोर बसावं लागणार, आणि पलीकडे पुन्हा अशी मुलगी असेलच असं नाही. माझा राग गेला नाही तो यामुळे. माणुसकी दाखवायला त्यांना हरकत नव्हती. फक्त आधी त्या माणसाला समोर बसवून त्याचं दुःख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

पंधरवड्याने तो पुन्हा माझ्या टेबलाशी आला आणि फोन पुढे केला.

"साहेब, ह्यात काय म्हणलंय?"

मी वाचलं. पुन्हा दोनच वाक्यं. आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटवण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता ते कृपया कळवा. खाली पाच रिकाम्या चांदण्या.

"किती चांदण्या देतोस ते विचारतायत," मी म्हणालो.

"कशाला?"

"तुझ्या चुलतीच्या रजेला."

त्याने फोन माझ्या हातातून घेतला, पडद्याकडे थोडं पाहिलं, खिशात टाकला आणि पॅकिंगकडे गेला. त्या दिवशी नवीन डिस्पॅच सुरू झाला होता.