चिंचवालीचा पासंग

देवणीच्या बाजारात मी एका चिंचवालीला भर गर्दीत चोर ठरवलं. तिच्या तागडीच्या एका पारड्याखाली सुतळीनं खडा बांधलेला दिसला आणि मी ओरडलो, “अहो, हिच्या पारड्याला दगड आहे बघा!” माझ्यामागं उभ्या असलेल्या दोन बायका रिकाम्या पिशव्या घेऊन निघून गेल्या.

म्हातारी चिडली नाही. पदराला हात पुसून तिनं दोन्ही पारडी रिकामी केली आणि तागडी उचलून धरली. दांडी सरळ राहिली. मग तिनं सुतळी सोडली, तशी दांडी एका बाजूला कलली.

“ह्यो पासंग हाय, दादा,” खडा पुन्हा बांधत ती म्हणाली. “एक पारडं झिजून हलकं झालंय, म्हणून बांधलाय. समद्याच तागड्या कुठंतरी कलत्या असत्यात. आपली कुनीकडं कलती, येवढं ठावं असलं म्हंजी झालं.”

‘तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस’ असं पोरांना वर्षानुवर्षं ऐकवणाऱ्या मला पासंग कसा असतो, ते त्या दिवशी कळलं. तिनं अर्धा किलो चिंच तोलून वर दोन जास्तीच्या टाकल्या. मी पैसे देऊन पिशवी घेतली. गेलेल्या बायका काही परत आल्या नाहीत.

घरी बायकोनं सगळं ऐकून विचारलं, “माफी मागितली का?”

“मनातल्या मनात मागितली.”

“आणि चोर मोठ्यानं म्हणालात ना? मग पुढच्या बाजाराला जा, अन् तेवढ्याच मोठ्यानं मागून या.”