चांदीची नक्षत्रे आणि ठेचलेली बोटे

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते.

पन्नासच्या दशकात मी चाकणला फौजदार होतो. एका सकाळी ठाण्यात आलो तर व्हरांड्यात एक चांदीकाम करणारा कारागीर भिंतीला टेकून बसला होता. शेजारच्या एका गावातल्या लोकांनी त्याला चोर म्हणून आणून टाकले होते. उजव्या हाताची बोटे त्याच्याच हातोडीने ठेचलेली. आणणाऱ्यांपैकी एकही जण थांबलेला नव्हता.

त्याला आधी दवाखान्यात पाठवले, मग फिर्याद वाचली. फिर्यादी म्हणजे त्या गावच्या देवस्थानचा प्रमुख. सारे त्याला मालक म्हणत. देवामागे लावायचा चांदीचा एक जुना गोल पत्रा होता. मध्ये सूर्य, भोवती सगळी नक्षत्रे, घडण जुन्या लेण्यांतल्या कोरीव कामासारखी. उत्सव सोडून तो मालकांच्या घरी कुलपात असे. त्या वर्षी बाहेर काढला तेव्हा बायकांनी ओळखले की हा नवा आहे. जुन्यावर हात लागून लागून गुळगुळीत झालेली मृगाची शिंगे यावर बोटाला टोचत होती. मालकांनी तिथेच जाहीर केले, "मी दुरुस्तीला दिला होता. सोनाराने जुना दाबला आणि नकली गळ्यात मारला." पुढचे काम जमावाने केले.

कारागिराने घडवलेली कृत्तिकांची कर्णफुले आणि मृगाची पदके पंचक्रोशीतल्या बायका मिरवत असत. आता हात निकामी झालाच होता. वर शिक्षा झाली असती तर घर उघड्यावर आले असते.

"नवा पत्रा मीच केलाय, साहेब," तो म्हणाला. "मालक जुना घेऊन आले, माझ्याम्होरं बसून त्याचा ठसा उतरवून घेतला अन् जुना लगेच घेऊन गेले. लेकीच्या सासरच्या देवाला द्यायचाय म्हणाले. मी जीव लावून घडवला."

वरून निरोप आला: आरोपी हाती आहे, कबुली घ्या, मुद्देमाल काढा, फिर्यादी प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. प्रतिष्ठित! या एका शब्दाने आपल्याकडे किती तपास गिळले आहेत, ते मी नोकरीभर पाहिले.

खबर मिळाली ती पुण्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडून. चहा पिता पिता तो म्हणाला, "माझं नाव घेऊ नका, साहेब. मालक मागं एकदा एक गोल बोचकं मांडीवर घेऊन बसले व्हते. टपावर टाका म्हणलं तर अंगावर आले. जसं काय तान्हं पोरच हाय! पुण्यात लष्कर भागात जुन्या वस्तूंच्या दुकानाम्होरं उतरले."

हा पुरावा नव्हता. मी मालकांना जबाबासाठी बोलावले. ते आले ते खुर्ची ओढूनच बसले.

"चोर तुमच्या ताब्यात असताना मला कशाला त्रास, फौजदार?"

"एकच गोष्ट विचारायची आहे. पत्रा सोनाराकडे दुरुस्तीला होता, तेव्हा भट्टीसमोर कोण बसले होते?"

मी मावळातल्या खेड्यात वाढलो. आमच्याकडे देवाचा दागिना सोनाराकडे गेला की गुरव नारळ घेऊन सोबत जातो आणि काम संपेपर्यंत भट्टीसमोरून हलत नाही. मालक गावचे असले तरी त्यांचे आयुष्य पुण्यात गेले होते. माझ्या प्रश्नानेच त्यांना ती रीत आठवली असावी; ते घाईने म्हणाले, "गुरव बसला होता की. रीतच आहे तशी."

मी ते शब्द लिहून घेतले, सही घेतली आणि बाहेर बसवलेल्या गुरवाला आत बोलावले. म्हातारा दाराशीच थांबला. त्याची जमीन देवस्थानची, म्हणजे मालकांच्या मर्जीची.

"गुरवबाबा, तुम्ही सोनाराकडे बसला होता?"

मालक गरजले, "नीट आठवून बोल रे!"

म्हातारा हात जोडून उभा राहिला. "न्हाई, साहेब. पत्रा दुरुस्तीला गेला ह्येच मला ठावं न्हाई. मी तिथं बसलो असतो तर खरं काय ते मला कळलं असतं. मग त्या गरिबाची बोटं ठेचू दिली असती व्हय मी?"

मालकांचा चेहरा उतरला. त्या जबाबांच्या जोरावर मी ड्रायव्हरने सांगितलेल्या दुकानाची झडती घेतली. जुना पत्रा परदेशी पाठवायच्या खोक्यात भुशात सापडला. दुकानदाराने विकणाऱ्याचे नाव लगेच सांगितले. मालकांना अटक झाली, कारागीर सुटला.

पत्रा गावात आला तेव्हा लोकांनी मिरवणूक काढली आणि मला नारळ-शाल द्यायला बोलावले. शाल हातात न घेता मी विचारले, "हातोडी कोणी मारली?"

वाजंत्री थांबली. गावचा पोलीस पाटील पुटपुटला, "जाऊ द्या ना, साहेब. जमाव संतापला व्हता."

चांदीच्या पंचनाम्याला पुढे येणारी माणसे हवी तेवढी होती. पालथे पाडल्यामुळे कारागिराला चेहरे दिसले नव्हते, आणि त्या बोटांसाठी साक्ष द्यायला दुसरा एकही आला नाही. मी गुन्हा नोंदवला, घरोघर फिरलो, आणि साक्षीदारांअभावी ते प्रकरण बंद झाले. कारागिराला पुन्हा छिन्नी धरता आली नाही. त्याला ठेचणारे हात दरवर्षी उत्सवात तोच पत्रा उचलत राहिले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. 'जमाव संतापला होता' हे वाक्य त्यानंतर मी एकाही जबाबात उतरवू दिले नाही. जमाव कधी हातोडी धरत नाही. हातोडी एक माणूस धरतो, मनगट दुसरा आवळतो, आणि दोघांना आईबापांनी नावे ठेवलेली असतात. ती नावे मी प्रत्येक गावात, प्रत्येकाला, त्याच्या डोळ्यांत बघून विचारत राहिलो.